वाकण्याचा वेळ

कक्ष क्रमांक तीनशे बाराच्या तोंडाशी
तो फलक मीच ठोकला:
पुढे वाघाचा वावर. प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर.
चार खिळे, वनरक्षकाची सही, दिनांक.
रायवंता नन्नावरेला वाचता येतं.
तिनं तो वाचला, टोपली कमरेवर सरकवली,
म्हणाली, "गारडभाऊ, मंग वाघ
कोनाच्या जबाबदारीवर फिरते?"

मार्चअखेर. पहाटेचे चार.
मोह गळतो तेव्हा पाल्यावर असा आवाज येतो
जसं कुणी दबक्या पावलानं चालतंय.
आणि कुणी दबक्या पावलानं चालतं
तेव्हा वाटतं, मोह गळतोय.

पूर्वी बाया झाडाखालचा पाला जाळायच्या.
काळ्या भुईवर फिकट फुलं
दुरून मोजता यायची.
अर्ध्या तासात टोपली, उजाडायच्या आत घर.
मी ते बंद केलं.
त्याआधीच्या साली एका ठिणगीनं सव्वीस हेक्टर गेलं,
रानकोंबडीची अंडी मी स्वतः राखेतून उचलली होती,
उकडलेली, हातात अजून गरम.
मी बरोबर होतो.
आजही बरोबर आहे.
फक्त आता फूल पाल्यातून निवडावं लागतं,
एकेक, चाचपत, दीड-दीड तास वाकून,
आणि वाकलेलं माणूस
वाघाला माणूस दिसत नाही.
उंची गेली की उरतं चितळ.

माझ्या रजिस्टरात रकाना आहे: वणवा.
त्यात सलग दोन वर्षं 'निरंक'.
रेंजरसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.
वाकलेल्या पाठींचा त्यात रकाना नाही.
त्या वरच्या एका तासाचं काय,
तो मी कुठं लिहिला?
विझवला म्हणालो खरा;
भुईवरचा उचलून
सात बायांच्या पाठीवर ठेवला.

त्यांचा हिशोब वेगळा चालतो.
पायवाट एकाच माणसाची,
आणि सगळ्यांना ठाऊक: "वाघ मांगच्यालेच धरते."
तर मागे कोण?
भागिरता म्हातारी रोज म्हणते,
"मी रायतो मांगं. माहं आता काय बाकी हाये."
रोज तिला मध्ये ढकलतात.
मला वाटलं, माया असेल.
रायवंता म्हणाली, "माया कायची?
जिले मरावाचं भेव नाई, ते मांगं वळून पाहात नाई.
मांगं भेनारी पायजे."
म्हणून बारी लावलेली. सोमवार तिचा.
सोमवारी ती
मानेत वळण घेऊनच चालते.

एका सोमवारी मी म्हणालो, आज मागे मी येतो.
हसल्या सातही जणी.
रायवंता मात्र हसता हसता थांबली.
"तुमाले मोह वेचाचा हाये का?
नाई ना? मंग तुमची बारी कशी येईन?
हौस येगळी, बारी येगळी."
मी लाकडासारखा उभा.
तेव्हा तिनं कोपऱ्यातला शिंदीचा खराटा
माझ्या हातात दिला, जसा पोराला देतात.
"भाग घ्याचा असन तं हे घ्या.
आमच्या आंदी या. पाला झाडा."

आता साडेतीनला मी चौदा झाडांखाली खराटा मारतो.
उभ्यानं, पूर्ण उंचीनं.
त्यांचं वाकणं पाऊण तासावर आलंय.
पाऊण तास म्हणजे शून्य नव्हे, हे त्यांना माहीत आहे,
मला सांगावं लागलं.
हे काम कुठल्याच रजिस्टरात नाही.
फलकाचा एक खिळा निखळलाय,
तो तिरका लोंबतो,
मी अजून ठोकलेला नाही.

आज सातव्या झाडाखाली
पाठीमागे काहीतरी टपकलं.
खराटा थांबवून मी वळलो, बॅटरी फिरवली.
काही नव्हतं.
म्हणजे,
मला काही दिसलं नाही.