गार पाण्यात

दोलोनच्या खिंडीत व्हॅन रुतली तेव्हा मी चौदाची,
आणि मला वाटत होतं पोट दुखतंय ते
मावशीच्या शिळ्या तळलेल्या पावामुळे.

नारीनहून निघालो तेव्हा चौदा जागांवर सतरा माणसं,
एका पोत्यात बटाटे,
दुसऱ्यात काहीतरी, जे मधूनमधून हलत होतं.
पुरुष उतरले ढकलायला,
म्हणजे आधी सिगारेट ओढायला.
आत आम्ही सहा बायका
(मला त्यांनी बायकांत धरलं, हे मला नंतर कळलं)
आणि काचांवर आमचाच श्वास, गोठलेला.

शेजारची म्हणाली, सरक गं जरा, पाय आखडलेत.
मी सरकले नाही.
इतकी घट्ट मी कुठल्याच परीक्षेला बसले नव्हते.

आईने मला एकच वाक्य दिलं होतं:
पाहुणे आले की कुणाला कळता कामा नये.
आमच्याकडे पाहुण्यांसाठी मेंढी कापतात,
घरातली सगळ्यात मऊ गादी काढतात.
हे कुठले पाहुणे ज्यांना मागच्या दाराने घ्यायचं,
हे मी तिला विचारलं नव्हतं.

"रक्त का?"
बुरुलकान म्हणाली, जेवताना मीठ मागावं तशी.
धरणीने पोटात घ्यावं म्हटलं,
तर धरणीवर दीड हात बर्फ.

तिने शालीखालचा लोकरी रुमाल काढला, घडी घातली,
माझ्या हातात कोंबली, आणि सोन्याचे दात दाखवत
सांगायला लागली:
एक मेचं संचलन, पांढरे मोजे, मी तिसऱ्या रांगेत.
झेंडाच गुंडाळला कमरेला.
मास्तरांना वाटलं, काय ही निष्ठा!
हसता हसता तिला खोकला लागला.

मग बँकेतली झिपारा, जी नारीनपासून
कुणाशी बोलली नव्हती:
नवी नवरी होते, घरात कापूस कुठला, मागू कुणाला?
सासूच्या दुलईचा कोपरा उसवला, परत शिवला.
दर महिन्याला थोडा थोडा.
म्हातारी अजून म्हणते, या बाजूने वारा येतो.

मागच्या सीटवरची, जिचं नाव मी विचारलं नाही,
खिडकीकडे बघत म्हणाली,
मला मात्र ते येऊ नये असं वाटतं.
सात वर्षं. दर महिन्याला वाटतं.
कुणी काही बोललं नाही.
बुरुलकानने तिच्या ओंजळीत सूर्यफुलाच्या बिया ओतल्या
आणि आम्ही सगळ्या बिया फोडत बसलो.

दार उघडलं. ड्रायव्हर. भुवयांवर बर्फ.
मी तेव्हाच उठले होते नेमकी.
करडं कव्हर, त्याच्या बायकोने शिवलेलं,
आणि त्यावर मी.
तो बघत राहिला. सहाही जणींनी दात थांबवले.
"गार पाण्यात भिजवायचं," तो म्हणाला,
"गरम लावलं की डाग कायमचा बसतो."
मग कानाच्या पाळ्या लाल करत,
"चार बहिणी आहेत मला,"
आणि त्याने दार इतक्या जोरात लावलं
की पोत्यातलं कोकरू ओरडलं.

कोचकोरला पोचले तेव्हा रात्र.
आईने बघितलं, कडी लावली,
चुलीवर पाणी चढवलं.
गार, मी म्हटलं.
कोण म्हणालं?
ड्रायव्हर.

ती पालथ्या बादलीवर बसली.
बराच वेळ नुसती वाफेकडे बघत.
मग पेटी ओढली, तळापासून घड्या काढल्या,
प्रत्येकीवर फिकट तपकिरी देश,
उकळत्या पाण्याने पक्के केलेले,
वीस वर्षांचे.
पहिली घडी उलगडून तिने मला काहीतरी सांगितलं.
ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

बादली मात्र आम्ही अंगणात ठेवली,
फाटकासमोर, झाकण न घालता.
सकाळी वर बर्फाची पापडी धरली होती,
किंचित गुलाबी.
शेजारचा दूध घेऊन आला, त्याने बघितलं.
मी बुटाच्या टाचेने ती फोडली
आणि स्कर्ट पिळायला घेतला.