चोवीस मात्रा

हडर्सफील्डच्या आमच्या बँडरूमला अजून
जुन्या लोकरगिरणीचा तेलकट वास येतो.
माझ्या कॉर्नेट-सोलोआधी
चोवीस मात्रा नुसता विराम.
वाजवायचं काहीच नाही, फक्त मोजायचं,
आणि मी दर वेळी एकोणिसाव्याला बुडते.
ओठ कोरडे, बोटं दुसऱ्याच कुणाची.

"माझ्या बुटाकडे बघ,"
ट्यूबामागून टोबायस म्हणाला.
चिखलाचा बूट. एक लेस हिरवी, एक काळी.
तो आपटायचा, मी सुरात शिरायचे.
आई विचारते, सराव कसा झाला?
बूट बरा होता, असं काही मी सांगत नाही.

स्पर्धेत, ब्रॅडफर्डला,
एकोणिसाव्यालाच बूट थांबला.
वर पाहिलं:
त्याच्याही तोंडचं पाणी पळालेलं.

मग मीच आपटला पाय.
वीस. एकवीस. बावीस. तेवीस.
चोविसाव्याला त्यानं श्वास घेतला
माझ्याबरोबर.
पहिला सूर जरा फाटलाच.

नंतर पार्किंगात, मिनीबसच्या आडोशाला,
वाद्यांत साठलेलं पाणी काढलं,
आमचाच श्वास, गार झालेला.
डांबरावर दोन ओघळ एकमेकांत गेले.
"तुझी लेस सुटलीय," मी म्हटलं.
हिरवी.
तो वाकला नाही.