एकशे चाळीस

चिझुरू पाचात वाजवायची, कानामे सातात.
मी ड्रमवर चार धरून बसायचो,
दोन भांडकुदळ पोरांना दोन्ही हातांनी पकडून
रस्ता ओलांडणाऱ्या मामासारखा.

पाच आणि सात पस्तिसाव्या ठोक्याला भेटतात.
माझे चार धरले, तर एकशे चाळिसाव्याला.
तोवर कुणी कुणाकडे बघायचं नाही,
हा एकच नियम, आणि तो तिनं घातलेला.
बघितलं की बोटं लाजतात, म्हणायची,
आणि लाजलेलं बोट दुसऱ्याच्या घरात शिरतं.

किर्यू गावात तिच्या वडलांची मागाची शेड.
छपराला करवतीचे दात, दातांत उत्तरेकडच्या काचा,
म्हणजे दिवसभर सारखाच उजेड, रेशमाचा रंग पारखायला.
डिसेंबरात डोंगरावरून कोरडा वारा सुटला
की प्रत्येक काच आपापल्या लयीत थडथडायची.
तिला कुणी मोजायला शिकवलं नव्हतं.

बारा माग भंगारात गेले. एक उरला,
कारण त्याला हलवायचं भाडं त्याच्या लोखंडापेक्षा जास्त.
त्याच्यावर आम्ही अँप ठेवायचो,
ओले मोजे वाळत घालायचो.

तिच्या ओळीत भोकं होती.
एक सूर,
दोन मात्रा काहीच नाही,
मग दोन सूर एकमेकांना चिकटून.
एकटी ऐकली तर वाटावं, पोरगी विसरतेय.
कानामेची ओळही तशीच, दात पडलेल्या फणीसारखी.
पण दोन्ही एकत्र सुटल्या की वरती कुठेतरी
तिसरीच एक ओळ ऐकू यायची,
जी दोघांपैकी कुणीच वाजवत नव्हतं.
रेकॉर्डिंगमध्येही ती यायची, स्वच्छ.
तिचे पैसे कुणाच्या नावावर लिहायचे
यावरून आमचं एकदा खरंखुरं भांडण झालं.

मार्चमध्ये चिझुरू सेंदाईला गेली,
इस्पितळात कायमची रात्रपाळी.
गिटार नेली. पेडल विसरली,
की ठेवून गेली, हे आम्ही तिला विचारलं नाही.

मग रेंतारो आला. एकोणीस वर्षांचा.
बोटं अशी, की माळ्यावर उंदीर धावतायत.
सगळी भोकं त्यानं बुजवली,
रफू इतकं बारीक की टाका सापडू नये.
कानामे मध्येच थांबला.
म्हणाला, "तिथे कुणीतरी बसलंय."
पोरगा खरंच मागे वळून बघायला लागला.
पुढच्या शनिवारी तो आला नाही.

नोव्हेंबरात ओगिवारा आले, माग-मिस्त्री, ऐंशीला टेकलेले.
शेजारच्या गावी कुणालातरी दातेरी चाकं हवी होती.
खोलायच्या आधी एकदा चालवून बघतो, म्हणाले.
उजवा कान शेडनं खाल्ला, उरलेल्यावर भागवतो.
मोजे बाजूला ठेवले. दोन्ही तळव्यांनी तेल दिलं.
खटका ओढला.

खट, खट, खट, खट, आणि पाचव्याला लंगडा.
धोटा जायचा, यायचा, मध्येच श्वास घ्यायचा.
कानामेनं माझ्याकडे बघितलं. नियम मोडला.
आणि सातात शिरला.
मी चार धरले.

सांगायला छान वाटलं असतं की मेळ बसला.
नाही बसला. पाचवा ठोका दर वेळी उशिरा,
कधी केसभर, कधी हातभर.
पस्तीसला भेट नाही. एकशे चाळीसला मी झांज मारली
तेव्हा माग अजून कोपऱ्यावर वळत होता.
पण वरती काहीतरी हललं.
ओळ नव्हे. ओळीचं एक टोक.

मग धागा तुटला.
धागा तुटला की माग आपोआप थांबतो,
एवढी अक्कल लोखंडाला घडवतानाच दिलेली असते.
आम्हाला कुणी दिली नव्हती. आम्ही चालूच.
ओगिवारांनी तुटलेलं टोक जिभेनं ओलं केलं,
चष्मा कपाळावर सरकवला, गाठ शोधू लागले.
त्यांना काहीच घाई नव्हती.
त्यांच्यापुरती जागा सोडून
आम्ही वाजवत राहिलो.