नावाखालची ओळ

बोराबाजारात, दुसऱ्या माळ्यावर,
शिशाचा वास अजून न गेलेल्या खोलीत
मुणगेकर विचारतात, नावाखाली काय टाकू?
निलांबरी कुडाळकर, हे झालं. पुढे?
ओळीचे पैसे वेगळे नाहीत, म्हणतात,
प्रश्न जागेचा आहे.

नायगावात काका सगळंच काढायचे.
पासपोर्ट, बारसं, साखरपुडा,
विम्यासाठी जळलेला गाळा,
मंडळाची कार्यकारिणी, खुर्च्यांवर आणि खुर्च्यांमागे,
आणि रात्री दोनला दार वाजलं
तर हार घातलेला, नाकात कापूस घातलेला माणूस.
मी टॉर्च धरायचे. नऊ वर्षांची.
कॅमेऱ्याला विटाळ नसतो, काका म्हणायचे.
चाळीस वर्षांत अख्ख्या नायगावच्या भिंतींवर त्यांचं काम लागलं
आणि नायगाव त्यांना फोटोवालाच म्हणत राहिलं.
त्यांच्या स्वतःच्या तसबिरीसाठी
लायसन्सवरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला,
दुसऱ्याकडून.

ऑपेरा हाउसचे कोठारी फक्त हिरे काढतात.
बावीस वर्षं. खिडकीला काळा कागद, पंखा बंद,
टेबलावर चिमटे, ब्लोअर,
आणि बटण दाबताना श्वास धरायची सवय.
एका दिवसाचे ते घेतात
तेवढे मी तीन मुंजींत मिळवते, जेवण धरून.
सगळं येतं म्हणजे स्वस्तात येतं, कुडाळकर.
सोमवारपासून शेजारचं टेबल तुमचं.
अट एकच, बाकीचं बंद.
मग नातीच्या वाढदिवसाला मलाच बोलावलं.
मला नाही जमत, म्हणाले, पोरगी हलते.
आणि केक कापेपर्यंत
खिशातला चिमटा चाचपत कोपऱ्यात बसून राहिले.

आई म्हणते, एक ना धड, भाराभर चिंध्या.
खरंय. पण काकांची लेन्स
चिंधीनेच पुसली जायची,
जुन्या धोतराच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या.

गेल्या महिन्यात नथींचा कॅटलॉग केला.
एकशे चाळीस नथी, पांढऱ्या ॲक्रिलिकवर.
एकशे बाराव्या नथीचा मोती ढिला निघाला
म्हणून भुलेश्वरहून ओवणारीला बोलावलं.
शेवंताबाईने उभ्याउभ्या तार वळवली, दातांत धरून,
आणि माझं बोट बटणावर पडलं.
तिच्या स्वतःच्या नाकात कडुनिंबाची काडी होती.
शेठ म्हणाले, नथ झकास आलीय, बाई काढून टाका.
काढली. दोन मिनिटांचं काम.
मूळ फाइल 'इतर'मध्ये टाकली.
'इतर'मध्ये आता अकरा हजार फोटो आहेत.

दागिने लिहिलं, मुणगेकर,
तर रात्री दोनला दार कोण उघडणार?
सर्व प्रकारचे फोटो काढून मिळतील, असं लिहिलं
तर कोठारी भिंग लावून वाचतील
आणि कार्ड परत करतील.
भाडं पाच तारखेला. लेन्सचा हप्ता सातला.

मुणगेकर चष्मा पुसतात.
मी पत्रिका सोडल्या, म्हणतात, पावतीपुस्तकं सोडली.
ठरवलं, फक्त कार्डं.
माझ्यासारखा काळा कुणाला यायचा नाही. अजून नाही येत.
आता लोक फोन पुढे करतात.
चुकलो का मी?
मलाच विचारतात.
मी त्यांचं एक जुनं कार्ड अंगठ्याने चाचपते.
अक्षर कागदात रुतलेलं,
दिवे गेले तरी वाचता येईल असं.

शंभर करा. नाव आणि नंबर.
खाली जागा सोडा,
मी पेन्सिलने लिहीन, ज्याला जे हवं ते.
आणि कोठारींना? ते विचारतात.
सोमवारला अजून तीन दिवस आहेत.

हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.
कागदाचे नमुने माझ्यापुढे सरकवतात.
मग ग्लॉसी नको, म्हणतात,
ग्लॉसीवर पेन्सिल उठत नाही.