अवधाण

वेणी घालताना मधे थांबायचं नसतं.
चार वाद्या बोटांत, एक दातात,
थांबलं की पीळ सुटतो
आणि सुटल्या पिळाचा पट्टा गिऱ्हाइकाच्या पायाला चावतो.
हे बुंदीला कोण सांगणार?
सुभाषनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत
हलणारी प्रत्येक वादी तिला उंदराचं शेपूट वाटते.

भादव्यात तिनं उडी घातली. नखं मनगटावर.
मी एक शिवी हासडली, रगात पदराला पुसलं,
आणि वेणी पुरी केली.
रेघ वाळून गेली. असल्या रेघा मोजायला बसलं तर
जोड कधी व्हायचे?

पंधरा दिसांनी काखेत अवधाण आलं.
आधी चिंचोक्याएवढं,
दसऱ्याला लिंबाएवढं.
सांजच्याला कणकण. फळीवरचा डबा निघेना.
बायजाक्कानं हळद-चुना थापला.
कोण म्हणालं टीबी.
सोनाबाई मात्र काहीच म्हणाली न्हाई,
नि तिची बहीण कशानं गेली ते गल्लीला ठाऊक होतं.

मग सीपीआर. छातीचा फोटो, थुंकी, रगात,
गाठीत सुई घालून काढलेलं पाणी,
राजारामपुरीतल्या लॅबला बाराशे रुपये,
आणि एका वेणीला मला काय मिळतं ते विचारू नका.
काखेत कळसा, गावाला वळसा म्हणतात.
माझ्या तर खरंच काखेत होता.

डॉक्टरीण म्हणजे पोरच. लातूरकडची.
मी "आलो" म्हणालो की हसायची,
बाई असून आलो?
तिनं माझा हात उलटा केला, मनगट बघितलं,
"घरात मांजर आहे?"
"न्हाई."

बोललो खोटं. आमच्या मालकांचं पोतं तयारच होतं,
तिला पंचगंगेपल्याड नेऊन सोडायला.
आणि दुपारी दोन ते पाच
त्या घरात माझ्याकडं मान वळवून बघणारं
दुसरं कोण हाय?

ती काही बोलली न्हाई.
माझ्या खांद्यावरचा एक तांबूस केस
दोन बोटांनी उचलला, खिडकीकडं धरला.
"मग हा तुमचा का?"

हसलो. काख ठणकेपर्यंत हसलो.

मग तिनं सांगितलं, ते मला असं कळलं:
मांजराच्या रगतात ते जंतू भाडेकरूसारखे राहतात,
भांडण न्हाई, आवाज न्हाई.
पिसवा त्यांना इकडून तिकडं नेतात,
पिसवांची घाण नखात, नख आपल्यात.
नव्या घरात पाऊल पडलं की आपलं रगात ओरडतं, चोर, चोर!
ते ओरडणं म्हणजे ही गाठ.
"मांजर घालवू नका. पिसवा घालवा.
नख लागलं तर साबण लावून धुवा. पदर नको."
पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.
सोनाबाईला मी वाटेतच फोन केला.

शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या, अवधान ठेवा.
आमच्या तोंडात न काय आणि ण काय.
मी ठेवलं नव्हतं, अंगानं ठेवलं.

आता रात्री बुंदीला मांडीवर घेतो,
बारीक फणी, साबणाच्या पाण्याची वाटी.
एकेक पिसू बुडताना ती डोळे मिटून घेते,
जसं काही तिचा संबंधच न्हाई.
मालक लांबून म्हणतात, "त्या कानामागं बघ."
पोतं कुठं गेलं ते मी विचारलं न्हाई.

परवा सात नंबरच्या जोडावर
तिनं ओढलेली पांढरी रेघ दिसली.
तेल लावलं, घासलं, जाईना.
मेलेलं कातडं. त्याला ताप येत न्हाई, गाठ येत न्हाई,
नुसती खूण घेऊन बसतं.
पुण्याच्या गिऱ्हाइकानं त्यावर बोट फिरवलं,
"ही नक्षी हातची का?"
व्हय म्हणालो.
हातचीच की.