फिटंफाट

एकोणीसशे वीसच्या मार्चात
सरहद्दीवरच्या स्टेशनात मी गाई मोजत होतो.
दात बघायचे, कास चाचपायची,
कानात पितळी बिल्ला, वहीत आकडा.
भाकड निघाली तर परत, बदल्यात दुसरी.
तहात तसं लिहिलं होतं,
म्हणजे मला तसं सांगितलं होतं.
तह मी वाचला नव्हता.

वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?
चौदा साली त्यांनी आमच्या गावात
शेपटीवाला एक जीव ठेवला नव्हता.
क्लेमांस व्हासरच्या गोठ्यात
सहा वर्षं नुसती दावी लोंबत होती,
आणि नवरा तिचा एन नदीकाठी, चिखलात, कुठेतरी.
दर बिल्ल्यासरशी मी पुटपुटायचो:
फिटंफाट.

तीनशे अकरावी ओल्डेनबुर्गची. काळी, कपाळावर चांद.
तिच्या वॅगनमधून गवतात लपून
एक पोरगा आला होता, आठेक वर्षांचा,
अंगात बापाचा कोट, पार घोट्यापर्यंत.
रडला नाही.
रडला असता तर बरं झालं असतं.
माझ्या वहीकडे बघत राहिला
पाढा पाठ करावा तसा.
मग गाईकडे बोट करून म्हणाला, ब्लेसे.
मी लिहिलं, ३११.

तीन दिवस तिनं पान्हा चोरला.
चौथ्या दिवशी क्लेमांसनं
नवऱ्याचं घोंगडं तिच्या पाठीवर टाकलं
आणि तिच्या कानाशी काहीबाही बोलत बसली, आपल्याच भाषेत.
मग धार लागली.
गल्लीतली सात पोरं त्या दुधावर वाढली.
हेही खरंच आहे, हे कुठल्या वहीत नाही.

चाळीसच्या जूनमध्ये एक शिपाई गोठ्यात शिरला.
बंदूक खुंटीला अडकवली, बाह्या सारल्या,
न विचारता चरवी घेतली, उकिडवा बसला.
शेतकऱ्याचा हात. गाय हललीसुद्धा नाही.
ब्लेसेची नात ती. तोच चांद.

तोच पोरगा का? कसं सांगू.
त्या वयाचे लाखभर आले होते.
दूध प्यायला, तोंड पुसलं,
थोडं क्लेमांसपुढे धरलं. तिनं घेतलं नाही.
मग तो दावं सोडू लागला.
गाठ जुनी, ओली. वेळ लागला.
मी दारात उभा होतो, टोपी हातात.

गाय घेऊन माझ्या अंगावरून जाताना
त्याचे ओठ हलले.
त्यांची भाषा मला येत नाही.
पण शब्द ओळखीचा वाटला,
माझ्याच तोंडचा.