आकडे

दांडिया बाजारातली शाळा,
मंगळवारी सहा ते सात.
बाकं पाचवीच्या मुलांची; माझे गुडघे मावत नाहीत.
रेशलीबेन राठवा, माझ्या मुलीहून लहान,
फळ्यावर आकडे लिहितात.
आमच्यात ‘स’चा ‘ह’ होतो, सांगतात.
म्हणजे सात: हात.

बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात
केसपेपरच्या खिडकीशी एकतीस वर्षं बसलो मी.
विचारलं होतं एकीला,
बाळाला ताप किती दिवस?
हात, म्हणाली.
दाखव, म्हटलं.
तिनं मूल दुसऱ्या काखेत घेतलं,
जाळीतून तळवा पुढे केला.
मी बघितला. धड होता.
पुढे कोण, म्हणालो.

‘सर, आता तुम्ही म्हणा.’

सहापर्यंत म्हणतो.
मग पाणी मागतो.